हाउसफुलचा बोर्ड लावायला लाज कसली?

मंडळी, या शनिवारी जरा भांडायचा मूड आहे. भांडण कुणा एका कंपनीशी नाही, आमच्याच धंद्यातल्या एका लाडक्या समजुतीशी आहे. समजूत अशी की व्हिडिओ दाखवणाऱ्या सर्व्हरने येईल त्याला आत घ्यावं, कुणालाही 'नाही' म्हणू नये, आणि पुढचं काय ते ज्याच्या त्याच्या फोनमधला प्लेअर बघून घेईल. माझं मत याच्या बरोबर उलट आहे. सर्व्हरला 'नाही' म्हणता आलंच पाहिजे. ज्याला ते येत नाही त्या सर्व्हरने आत घेतलेल्यांनाही कसलाच शब्द दिलेला नसतो, मग तुम्ही महिन्याचे किती का पैसे भरलेले असेनात.

आपल्याकडे नाटकवाल्यांना बघा. बालगंधर्वला प्रयोग लागला, तिकिटं संपली, की बाहेर हाउसफुलचा बोर्ड लागतो. लोक हळहळतात, मॅनेजरला चार शब्द सुनावतात आणि पुढच्या प्रयोगाची तिकिटं काढून घरी जातात. पण आत बसलेल्या माणसाची खुर्ची त्याचीच असते. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर कुणी येऊन त्याला 'जरा अर्ध्या खुर्चीवर बसा हो, बाहेर गर्दी वाढलीये' असं सांगत नाही. निर्मात्याला तर त्या बोर्डाचा अभिमान असतो, जाहिरातीत तो मिरवतो. आणि आमचे सर्व्हर? दिवाळीच्या सुट्टीतल्या एसटीच्या कंडक्टरसारखे. 'पुढे सरका, पुढे सरका, मधे रिकामं आहे!' एसटीत निदान रिझर्वेशनवाल्याची सीट तरी शाबूत राहते. इथे ती पण नाही.

आता हे नुसतं तोंडाने बोलून भागणार नाही, गणित मांडू. घाबरू नका, पाचवीच्या वरचं काही नाही.

इंटरनेटवरचा व्हिडिओ सलग येत नाही. दोन, चार, सहा सेकंदांचे तुकडे करून येतो. तुमचा प्लेअर पुढचे काही तुकडे आधीच आणून साठवून ठेवतो. हाच तो बफर. याचा अर्थ प्रत्येक तुकड्याला एक मुदत असते, आधीचा साठा संपायच्या आत तो पोचला पाहिजे. मुदतीच्या आधी पोचला तर तुम्हाला त्याची जाणीवही होत नाही, आणि मुदत एका सेकंदाने जरी चुकली तरी ते गोल फिरणारं चक्र दिसतं. म्हणजे सर्व्हरचं खरं काम 'शक्य तितक्या जोरात डेटा ढकलणे' हे नाहीच. कुणाचा तुकडा आधी पाठवायचा आणि कुणाचा जरा थांबला तरी चालेल, हे ठरवणं म्हणजे खरं काम. थोडक्यात, वेळापत्रक.

समजा आपल्या छोट्या सर्व्हरची बाहेर जायची वाट ३० एमबीपीएसची आहे आणि व्हिडिओला ३ एमबीपीएस लागतात. दहा जण बघतायत, सगळे खूश. आता अकरावा आला. आपण मोठ्या मनाने त्यालाही आत घेतलं आणि सगळ्यांना समान वाटा दिला. प्रत्येकाच्या वाट्याला गरजेच्या १०/११ एवढंच आलं. म्हणजे दर अकरा सेकंदांना प्रत्येकाच्या बफरमधला एक सेकंद आटतो. बफर वीस सेकंदांचा असेल तर २२० सेकंद, म्हणजे पावणेचार मिनिटांच्या आत, सगळ्यांचा साठा संपतो. त्यानंतर एकाचा नाही, अकराच्या अकरा जणांचा व्हिडिओ अडखळायला लागतो. एका माणसाला 'थोडं थांब' म्हणायची हिंमत झाली नाही म्हणून दहा जणांची संध्याकाळ वाया गेली.

'मग समान वाटा कशाला, ज्याची मुदत जवळ त्याला आधी द्या की!' बरोबर, शहाण्या माणसाला हेच सुचेल. १९७३ साली लिऊ आणि लेलँड या दोघांनी एका पेपरात हे काटेकोरपणे मांडलं. ज्याची मुदत आधी त्याचं काम आधी, या नियमाने चाललं तर ठराविक काळाने येणाऱ्या कामांसाठी प्रोसेसर अगदी १०० टक्के भरेपर्यंत एकही मुदत चुकत नाही. ठरलेल्या अग्रक्रमाने चालणाऱ्या पद्धतीत मात्र कामं कितीही वाढली तरी हमखास हमी साधारण ६९ टक्क्यांपर्यंतचीच देता येते. म्हणजे हा मुदतवाला नियम भारीच. पण त्याची एक वाईट खोड आहे, जी परीक्षेच्या गाईडमध्ये एका ओळीत उरकलेली असते. भार शंभराच्या वर गेला की हा नियम कोसळतो, आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळतो. ज्याची मुदत आता चुकणारच आहे त्याच्यावर वेळ घालवायचा, त्यामुळे पुढच्याची मुदत जवळ येते, मग त्याच्यामागे धावायचं, तोवर तिसऱ्याची चुकते. म्हणजे वेळापत्रक कितीही हुशार असलं तरी गर्दी मोजल्याशिवाय त्याला अर्थ नाही. दारावर मोजणारा माणूस आधी, आतली व्यवस्था नंतर. या दारावरच्या माणसाला आमच्या भाषेत अ‍ॅडमिशन कंट्रोल म्हणतात.

आणि हे काही मला आज सुचलेलं नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९१७ साली सूत्र देऊन ठेवलंय: अमुक इतक्या लाइन आणि अमुक इतके कॉल असतील तर किती कॉल नाकारावे लागतील. नाकारावे लागतील, हे तिथे गृहीतच होतं. आपल्या लहानपणी लँडलाइनवरून एसटीडी लावला की एक बाई गोड आवाजात सांगायच्या, या मार्गावरच्या सगळ्या लाइन व्यस्त आहेत. राग यायचा. पण जो कॉल लागला तो लागला. दुसऱ्या कुणी फोन उचलला म्हणून तुमच्या संभाषणातला प्रत्येक तिसरा शब्द गायब झाला, असं कधी व्हायचं नाही.

व्हिडिओ सर्व्हरवाल्यांनाही हे नव्वदच्या दशकात माहीत होतं. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तेव्हा 'टायगर' नावाचा व्हिडिओ सर्व्हर केला होता. साधे पीसी एकमेकांना जोडलेले, आणि प्रत्येक सिनेमा सगळ्या मशीनच्या सगळ्या डिस्कवर तुकड्या-तुकड्याने पसरलेला. वेळापत्रक म्हणजे ठराविक खाचा असलेलं एक मोठं चक्र. आपलं रहाटगाडगं डोळ्यासमोर आणा. समोर येईल त्या गाडग्याच्या मालकाचा तुकडा पाठवायचा आणि पुढे सरकायचं. नवा प्रेक्षक आला की रिकामं गाडगं समोर येईपर्यंत त्याने थांबायचं. रिकामं गाडगंच नसेल तर प्रवेश नाही. त्यामुळे सुरू झालेला सिनेमा दुसऱ्याच्या येण्याने अडखळत नसे. सुरुवातीला वाट बघावी लागेल, पण मधे नाही. हा व्यवहार मला तरी अत्यंत सभ्य वाटतो.

मग बिघडलं कुठे? २००९ मध्ये अ‍ॅपलने एचएलएस आणलं, २०१२ मध्ये डॅश हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड झालं, आणि व्हिडिओ साध्या वेब सर्व्हरवरून, साध्या फाइलींसारखा जाऊ लागला. एकाच व्हिडिओच्या चार-पाच प्रती ठेवायच्या, कमी दर्जाची, मध्यम, उत्तम, आणि कुठला तुकडा मागायचा हे प्लेअरने आपलं आपण ठरवायचं. कल्पना झकास आहे, यात वादच नाही. तिच्यामुळेच आज गावोगावी फोनवर व्हिडिओ चालतो. पण या झकास कल्पनेबरोबर एक आळस घरात शिरला. सर्व्हर बिनडोक असला तरी चालेल, शहाणपण प्लेअरमध्ये आहे, असं आम्ही धरून चाललो.

आता आपल्या अकरा जणांकडे परत या. प्रत्येक प्लेअरकडे ३ आणि २ एमबीपीएसच्या दोन पायऱ्या आहेत. गर्दी झाली, सगळे घाबरून २ वर उतरले. अकरा गुणिले दोन, बावीस. ३० पैकी ८ मोकळे. प्रत्येक प्लेअरला वाटतं, अरे वा, रस्ता मोकळा झाला! सगळे ३ वर चढतात, ३३ होतात, परत कोंडी, परत खाली. चित्र स्वच्छ, चित्र धूसर, चित्र स्वच्छ. प्रत्यक्षात सगळे एकदम चढत-उतरत नाहीत, पण एकाच अरुंद वाटेवरचे प्लेअर असे झोके खातात हे संशोधनात वारंवार दिसलेलं आहे.

आणि उत्तर किती सोपं होतं बघा. आठ जणांना ३, तिघांना २. चोवीस अधिक सहा, बरोब्बर तीस. कुणी अडखळलं नाही, एक थेंब वाया गेला नाही. वाटल्यास दर दहा मिनिटांनी ते तिघे बदला, न्याय पण झाला. पण हे उत्तर अकरातल्या एकाही प्लेअरला सापडू शकत नाही, कारण त्याला बाकीचे दहा दिसतच नाहीत. ते फक्त सर्व्हरला दिसतात. ज्याला सगळं दिसतं त्याने डोळे मिटून बसायचं आणि ज्याला काही दिसत नाही त्याने निर्णय घ्यायचा, याला आपण आधुनिक आर्किटेक्चर म्हणतो.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, पण पायऱ्या आहेत म्हटल्यावर 'नाही' म्हणायची गरज तर संपली ना? अजिबात नाही. सगळ्यात खालची पायरी २ ची असेल तर पंधरा जण बसतील. सोळावा आला की परत तोच प्रश्न. पायऱ्यांमुळे हाउसफुलचा आकडा दहाचा पंधरा झाला, तो नाहीसा नाही झाला. स्कॉट शेंकर यांनी १९९५ च्या एका पेपरात हा मुद्दा फार नेमका मांडलाय. ईमेल किंवा फाइल डाउनलोडला थोडी कमी वाट मिळाली तर थोडा वेळ जास्त लागतो, इतकंच. तिथे कुणालाही नाकारू नये, सगळ्यांना आत घेण्यातच एकूण समाधान जास्त. पण ज्या गोष्टीला किमान काही मिळालंच पाहिजे, नाहीतर ती निरुपयोगी, तिथे एका मर्यादेनंतर आणखी एकाला आत घेतलं की एकूण समाधान वाढण्याऐवजी घसरतं. आम्ही व्हिडिओला फाइल डाउनलोडच्या रांगेत उभं केलं आणि मग तो व्हिडिओसारखा वागत नाही म्हणून टीसीपीला शिव्या देत बसलो.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर मोठ्या गर्दीचे आकडे बघा. जुलै २०१९, वर्ल्ड कपची भारत-न्यूझीलंड सेमीफायनल. हॉटस्टारवर एका वेळी २.५३ कोटी लोक. १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबादची फायनल, तिथेच एका वेळी ५.९ कोटी. माणशी सरासरी २ एमबीपीएस धरा (हे माझं गृहीतक, बरं का). ११८ टेराबिट प्रति सेकंद झाले! एवढी वाट ऐनवेळी बाजारातून आणता येत नाही. हॉटस्टारच्या इंजिनियरांनी जाहीर भाषणांतून हे सविस्तर सांगितलंय. गर्दी वाढल्यावर आपोआप मशीन वाढवण्याच्या नेहमीच्या पद्धतीवर ते विसंबले नाहीत, कारण मशीन उभं राहायला वेळ लागतो आणि गर्दी तेवढं थांबत नाही. त्यांनी आधीच मशीन मांडून ठेवली. आणि भार हाताबाहेर जायला लागला तर शिफारशी वगैरे दुय्यम गोष्टी बंद करायच्या पण मॅच चालू ठेवायची, अशी सोय केली. धोनी आउट झाल्यावर लोकांनी बॅक बटण दाबलं आणि ती सगळी झुंड होमपेजवर येऊन आदळली, हा त्यांचाच किस्सा. यांना माझा सलाम आहे. काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं हे त्यांनी आधी ठरवलं होतं. माझी मागणी त्याच्या एक पाऊल पुढची, एवढीच.

याउलट १५ नोव्हेंबर २०२४, टायसन-पॉल बॉक्सिंग, नेटफ्लिक्सवर. एका वेळी साडेसहा कोटी स्ट्रीम. जगभर लोकांनी चक्र फिरताना बघितलं आणि धूसर चित्रांच्या तक्रारी केल्या. नेटफ्लिक्समध्ये काय कमी हुशार लोक आहेत? एका सर्व्हरमधून ४०० गिगाबिट प्रति सेकंद व्हिडिओ बाहेर काढल्याचं त्यांच्या इंजिनियरने २०२१ मध्येच दाखवलं होतं. त्यांनी पुढे सुधारणा केल्या आणि त्याच वर्षीचे ख्रिसमसचे एनएफएल सामने दाखवले. पण त्या रात्रीचा धडा साधा आहे. वाट कितीही रुंद करा, एक दिवस तिच्यापेक्षा मोठी गर्दी येणारच. त्या दिवशी काय करायचं याचं उत्तर रुंदीत नसतं, नियमात असतं.

एक अनुभव सांगतो. आधीच्या एका नोकरीत आमचा प्रॉडक्ट कोचिंग क्लासवाल्यांसाठी होता, लाइव्ह लेक्चर. अकरावी-बारावीची मुलं, घरच्यांनी फी भरलेली. आमच्या सर्व्हरला दारावर मर्यादा होती, ती ओलांडली की नव्या मुलाला 'दोन मिनिटांत परत प्रयत्न करा' असा संदेश जायचा. डॅशबोर्डवर 'नाकारलेले युजर' असा एक आकडा होता, आणि तो लाल दिसायचा. लाल आकडा वरच्या मीटिंगमध्ये गेला. मॅनेजर म्हणाले, "अरे, 'नाही' हा शब्दच प्रॉडक्टमध्ये नको." मी आकडे मांडले, ईमेल लिहिली, बोलून झालं. मर्यादा काढली. पुढच्या रविवारी नाकारलेले युजर शून्य, डॅशबोर्ड हिरवागार, आणि सपोर्टचे फोन खणखणतायत. आत आलेल्या प्रत्येक मुलाचा फळा अडखळत होता, सर अर्धा अवयव काढून गप्प होत होते. आधी शंभरातल्या चार-पाच मुलांना दोन मिनिटं थांबावं लागायचं, आता कुणालाच धड तास मिळाला नाही. पण ते मोजणारा आकडाच डॅशबोर्डवर नव्हता, त्यामुळे कागदोपत्री आम्ही सुधारलो होतो.

आणि यात सगळ्यात जास्त कोण मरतं, तेही सांगतो, कारण माझा खरा राग तिथे आहे. फायबरवाल्याचं चित्र १०८० वरून ७२० वर आलं तर त्याला फोनवर फरकसुद्धा कळत नाही. पण जो आधीच सगळ्यात खालच्या पायरीवर आहे त्याला उतरायला खाली पायरीच नाही. त्याचं थेट चक्र फिरतं. त्यात नेहमीच्या टीसीपीचा स्वभाव असा की ज्याचा रस्ता लांबचा आणि खडबडीत त्याला वाटा कमी. म्हणजे तालुक्याच्या गावात पत्र्याच्या शेडखाली दिवसाच्या दीड जीबीवर लेक्चर बघणारी मुलगी सगळ्यात आधी बाहेर फेकली जाते. आम्ही कुणाला नाही म्हणत नाही, असं आपण फुशारकीने सांगतो. खरं म्हणजे आपण नाही म्हणतोच. फक्त ते रोज त्याच लोकांना म्हणतो, आणि न सांगता म्हणतो.

'नाही म्हटलं तर ग्राहक जाईल' हा धंद्याचा मुद्दा. जाईल ना, काही जातील. पण शेवटच्या ओव्हरला चक्र फिरलेला ग्राहक काय प्रेमाने राहतो? दारात थांबलेला माणूस वैतागतो, अर्ध्यावर फसलेला माणूस दुखावतो, आणि दुखावलेला जास्त लांब जातो. 'दोष आमचा नाही, मोबाइल नेटवर्कचा' हा दुसरा मुद्दा. पुष्कळदा खराच. पण आपल्या घरातला हिशोब चोख असल्याशिवाय शेजाऱ्याकडे बोट दाखवू नये. तुमच्या बॉक्समधून किती जणांना किती हमखास जाईल हे तुम्ही मोजलंच नसेल, तर दोष कुणाचा हे तुम्हाला कळणार कसं?

आणि क्षमता मर्यादित असते हे कबूल करता येतं, तसं केलंही गेलंय. मार्च २०२०. लॉकडाउन लागलं, सगळं जग घरात. युरोपमध्ये नेटफ्लिक्स आणि यूट्यूबने दर्जा खाली आणला. आपल्याकडे मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी एकत्र बसून मोबाइल नेटवर्कवर ४८० च्या वर जायचं नाही असं ठरवलं. सगळ्यांना पुरावं म्हणून प्रत्येकाने थोडं कमी घ्यायचं, हा निर्णय वरून, सगळं चित्र बघून झाला. त्यामुळे कंपन्या बुडाल्या नाहीत. मग जे महामारीत जमलं ते मॅचच्या दिवशी का जमू नये?

नुसती टीका करून पळून जाणार नाही. माझ्या मागण्या या:

१. खुर्च्या मोजा. प्रत्येक सर्व्हरच्या क्षमतेपैकी, समजा, ८० टक्केच वाटा, उरलेली अडीअडचणीला ठेवा. १०० गिगाबिटच्या बॉक्सवर ५ एमबीपीएसचे वीस हजार बसतात असं कागद म्हणतो. तुम्ही सोळा हजारांनाच शब्द द्या.

२. आत असलेल्याची किमान पायरी पक्की करा. नव्याला हवं तर खालच्या पायरीवर आत घ्या, पण आतल्याला किमान पायरीच्या खाली ढकलून नाही. तीही जागा नसेल तर बोर्ड लावा.

३. 'नाही' स्वस्तात आणि माणुसकीने म्हणा. ५०३ आणि सोबत 'इतक्या सेकंदांनी परत या' हा हेडर, ही सोय एचटीटीपीमध्ये आहेच. फक्त सगळ्यांना एकच आकडा देऊ नका, नाहीतर तिसाव्या सेकंदाला सगळी वरात एकदम दारात. कुणाला वीस, कुणाला पन्नास, असं पांगवून बोलवा. आणि स्क्रीनवर मराठीत स्पष्ट लिहा की गर्दी आहे, इतका वेळ लागेल. 'समथिंग वेंट राँग' नको. काय झालंय ते तुम्हाला पक्कं माहीत असतं.

४. मुदत विचारून वेळापत्रक लावा. माझ्या बफरमध्ये किती सेकंद शिल्लक आहेत, हा तुकडा मला कधीपर्यंत हवाय, हे प्लेअरने सर्व्हरला सांगायचं स्टँडर्ड २०२० पासून आहे, सीएमसीडी नावाचं. मी जिथे जिथे ते पाहिलं तिथे ही माहिती लॉगमध्ये जाऊन पडते आणि दुसऱ्या दिवशी तिचे रंगीत आलेख होतात. अरे, ज्या क्षणी ती आली त्या क्षणी वापरा ना! ज्याच्याकडे चाळीस सेकंद शिल्लक आहेत तो थांबेल, ज्याच्याकडे दोन आहेत त्याला आधी द्या.

५. उगाच जोरात ढकलू नका. व्हिडिओ ३ ने चालणार असेल तर तो ६० ने फेकून बाकीच्यांची वाट कोंडायची गरज नाही. वेग बेताचा ठेवला तर पाकिटं कमी हरवतात आणि चित्राचा दर्जा पडत नाही, हे नेटफ्लिक्सच्याच लोकांनी २०२३ मध्ये प्रयोग करून छापलंय.

६. सरासरी दाखवू नका. 'सरासरी बफरिंग अर्धा टक्का' या वाक्यामागे पत्र्याच्या शेडखालची ती मुलगी आरामात लपते. सगळ्यात वाईट अवस्थेतल्या शंभरातल्या एकाला काय दिसलं तो आकडा मीटिंगमध्ये लावा.

यातलं काहीही नवीन नाही. एर्लांगचं सूत्र शंभर वर्षांवर जुनं, लिऊ-लेलँड पन्नास वर्षांवर, टायगर पंचवीस वर्षांवर. हार्डवेअर पण आहे. नाहीये ते फक्त 'नाही' म्हणायचं धाडस. कारण 'नाही' डॅशबोर्डवर दिसतं आणि अडखळणं दुसऱ्याच्या फोनवर होतं.

माझ्या क्षेत्रातल्या मित्रांना एकच विनंती. सोमवारी ऑफिसला गेलात की डिझाइन रिव्ह्यूमध्ये एक साधा प्रश्न विचारा, 'आपल्याकडे खुर्च्या किती?' समोरचा 'ते ऑटोस्केल होतं' म्हणाला तर हसू नका, परत विचारा. तिसऱ्यांदा विचारल्यावरही आकडा आला नाही, तर समजा की तुमच्या सर्व्हरने अजून कुणालाच काही कबूल केलेलं नाही.

असो. पटलं नसेल तर आकड्यांसकट भांडायला या, चहा माझ्याकडून.